दादासाहेब फाळके यांचें छायाचित्रणाचें विद्यार्थिजीवन

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचें नांव चित्रपटाच्या इतिहासाशीं इतकें निगडित झालें आहे कीं, त्यापूर्वींचा त्यांचा दीर्घ उमेदवारीचा काळ जवळजवळ झांकला गेला आहे. इ. स. १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईस 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, तेव्हां फाळक्यांस त्रेचाळीस वर्षें पुरीं झालीं होतीं. त्यांतील १८९० पासूनचीं वीसांहून अधिक वर्षें स्थिर छायाचित्र व त्यापासून निघणारें छापकाम यांतच गेलीं. चित्रपटाचा इतिहास सांगण्याचा प्रस्तुत लेखांत आमचा हेतु नाहीं. माणसाचा चेहरा काचेवर उतरविण्याची विद्या नाशिक जिल्ह्यांतील एक तरुण कोठें, कोणापाशीं व कोणत्या क्रमानें शिकला, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे. दफ्तरांबरोबर जुने फोटो संग्रहीं बाळगणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या प्रश्नाच्या उत्तराचा प्रत्यक्ष उपयोग आहे. तो लेखाच्या शेवटीं दाखवूं.

१. पूर्वपीठिका

छायाचित्रणाचा शोध पॅरिस येथें १८३९ सालीं जाहीर झाला. मुंबईंत छायाचित्रकारांची सभा १८५४ मध्यें स्थापन झाली, व पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत ह्या विद्येचा वर्ग निघाला. एतद्देशीय विद्यार्थ्यांस पद्धतशीरपणें छायाचित्रण शिकविण्याचा पश्चिम हिंदुस्थानांतील हा आरंभींचा प्रयत्न होय. ह्याच वर्गांत तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा धंदा थाटून अनेकांचे फोटो काढले. सुप्रसिद्ध संशोधक डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेही त्या पिढींतील नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे फाळके जन्मले त्यापूर्वींच ही विद्या आपल्या लोकांच्या हातीं आली होती, हें प्रथम ध्यानीं घेतलें पाहिजे.

मात्र ती पिढी व फाळक्यांची पिढी यांच्या शिक्षणांत मोठा भेद आहे. पहिल्या पिढीस ओल्या काचेवर काम करावें लागे. काचेवर द्रव पसरणें, ती चांदीच्या क्षारांत बुडविणें, चित्र घेणें व तें लगेच प्रकट करणें, हें सर्व काच वाळण्यापूर्वीं उरकावें लागे. काळोखाची खोली हाताशीं नसेल तर एक पाऊलही पुढें टाकतां येत नसे. १८७१ सालीं मॅडॉक्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें कोरड्या काचेची युक्ति प्रसिद्ध केली. १८८० नंतर तयार कोरड्या काचा बाजारांत विकत मिळूं लागल्या. त्या घेऊन ठेवाव्या, हवें तेव्हां चित्र घ्यावें व मग सवडीनें तें प्रकट करावें, अशी सोय झाली. मर्यादित साधनांच्या विद्यार्थ्यास स्वतःच्या हिमतीवर ही विद्या शिकणें ह्या एका फरकामुळें शक्य झालें. फाळके शिकावयास लागले ते ह्या सोयीच्या काळांत.

२. कालनिर्णय

फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथें ३० एप्रिल १८७० रोजीं झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतज्ञ व याज्ञिकी चालविणारे असून, धाकट्या धुंडिराजासही तेंच शिक्षण लहानपणीं मिळालें. पुढें दाजीशास्त्र्यांस मुंबईस संस्कृताध्यापनाचें काम मिळाल्यानें कुटुंब तिकडे गेलें. १८८५ सालीं धुंडिराज सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत दाखल झाले व तेथें त्यांनीं एक वर्षाचा चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. १८८६ मध्यें वडील बंधु शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास आले.

येथपर्यंत वाद नाहीं. बडोद्याच्या वास्तव्यासंबंधीं मात्र प्रचलित चरित्रांत दोन ठिकाणीं घोटाळा होतो, तो दूर केला पाहिजे. पहिला असा कीं, बडोद्यास येतांच फाळके कलाभवनांत शिकूं लागले असें पुष्कळदां लिहिलें जातें. परंतु श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनीं कलाभवनाची स्थापनाच मुळीं १८९० सालीं केली. तेव्हां १८८६ ते १८९० हीं चार वर्षें कलाभवनाच्या खातीं मांडतां येत नाहींत. फाळक्यांचा तेथील अभ्यास १८९० पासूनच धरला पाहिजे, व त्याच वर्षीं त्यांनीं आपला पहिला कॅमेरा घेतला ह्या माहितीशीं तें उत्तम जुळतें. दुसरा घोटाळा असा कीं, हल्लींच्या विद्यापीठाच्या ललितकला विभागांत त्यांचें शिक्षण झालें असें कांहीं ठिकाणीं छापलेलें आढळतें. बडोदें विद्यापीठ १८९० नंतर जवळजवळ साठ वर्षांनीं, १९४९ सालीं अस्तित्वांत आलें. त्याच्या ललितकला विभागाचा जन्म त्याहूनही अलीकडचा. जुन्या कलाभवनाची परंपरा विद्यापीठांत मुख्यतः तंत्रविद्येच्या विभागाकडे गेली. हा भेद केवळ नांवाचा नव्हे. फाळके ज्या शाळेंत शिकले ती हुन्नरांची शाळा होती, व त्यांच्या छायाचित्रणाला जें वळण लागलें तें ह्यामुळेंच.

कॅमेऱ्याविषयींही दोन कथा आहेत. एका कथेप्रमाणें फाळक्यांनीं तो १८९० सालीं स्वतः विकत घेतला. दुसरीप्रमाणें, १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनांत आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळालें, तेव्हां एका चाहत्यानें त्यांस किंमती कॅमेरा भेट दिला. ह्या दोहोंत विरोध मानण्याचें कारण नाहीं. पहिला शिकाऊ विद्यार्थ्याचा, दुसरा हात बसल्यावरचा, असा साधा अर्थ लावल्यास दोन्हीही गोष्टी उभ्या राहतात.

३. कलाभवनांतील शिक्षण

कलाभवनाचे पहिले मुख्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास चाफेकर बंधूंनीं डांबर फांसल्यावर तो डाग रसायनांनीं काढणारे गज्जर ते हेच. देशी भाषांतून हुन्नर शिकवावे, त्यांसाठीं देशी भाषांत पुस्तकें व्हावींत, व शिकलेल्यानें नोकरीच्या मागें न लागतां धंदा काढावा, असा त्यांचा आग्रह होता. छायाचित्रण हें अर्धें रसायन व अर्धें चित्रकला. मुख्य रसायनज्ञ व विद्यार्थी चित्रकार, असा हा योग जुळून आला.

फाळक्यांनीं येथें तैलरंग व जलरंग यांतील चित्रण, वास्तुरचना व मूर्तिकाम यांचा अभ्यास केला, आणि त्याच्या जोडीनें छायाचित्रें घेणें, प्रकट करणें व छापणें यांचे प्रयोग चालविले. त्यांची चिकाटी पाहून गज्जरांनीं त्यांस रतलाम येथें बाबुलाल वरुवलकर यांच्याकडे ब्लॉक तयार करणें, फोटोवरून शिळाछापावर चित्र उतरविणें व काळोखाच्या खोलींतील छपाई शिकण्यास पाठविलें. ह्या सहा महिन्यांच्या अभ्यासाचें साल १८९१ असें दिलेलें असतें, व त्यांत तिरंगी ब्लॉकांचाही समावेश केलेला असतो. तिरंगी ब्लॉकांचें छापकाम अमेरिकेंतही व्यवहारांत आलें तें १८९३ च्या सुमारास. म्हणून एकरंगी ब्लॉक व शिळाछाप हा भाग १८९१ चा मानण्यास हरकत नसली, तरी तिरंगी कामाचें ज्ञान फाळक्यांनीं पुढें मिळविलें, आणि चरित्रकारांनीं तें सर्व एकाच वर्षाखालीं घातलें, असें आमचें मत आहे. १८९३ सालीं गज्जरांनीं कलाभवनांतील फोटोची खोली व प्रयोगशाळा फाळक्यांस वापरावयास दिली, आणि तेथें त्यांनीं आपल्या नांवानें ब्लॉक व फोटोछपाईचें काम सुरू केलें. विद्यार्थिदशा येथें संपली म्हणावयाची.

४. चेहरा उतरविण्याची विद्या

त्या काळीं चेहऱ्याचा फोटो काढावयास शिकणें म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट उजेडाची. विजेचे दिवे नसल्यानें सर्व भिस्त सूर्यावर. पण ऊन अंगावर घ्यावयाचें नाहीं. फोटोच्या खोलीचें छप्पर व एक भिंत काचेची करीत, आणि ती बहुधा उत्तरेस ठेवीत, म्हणजे दिवसभर सारखा व मऊ उजेड मिळे. काचेखालीं पडदे ओढून उजेड कमीजास्त करीत. एका बाजूनें उजेड घेतला कीं चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडे. तीवर पांढऱ्या कापडाचा पडदा धरून उजेड परतवीत. चेहऱ्याला उठाव येणें न येणें हें ह्या पांढऱ्या पडद्याच्या अंतरावर अवलंबून असे.

दुसरी गोष्ट स्थिरतेची. कोरड्या काचेनें वेळ पुष्कळ कमी केला, तरी खोलींतील उजेडांत बसणाऱ्यास कांहीं क्षण निश्चल रहावें लागेच. म्हणून मानेमागें लोखंडी टेकू लावीत. जुन्या फोटोंत मंडळी ताठ व गंभीर दिसतात, त्याचें एक कारण हा टेकू होय. त्यावरून त्यांच्या स्वभावाविषयीं अनुमान काढणें धोक्याचें आहे.

तिसरी गोष्ट रंगांची, व ही सर्वांत महत्त्वाची. त्या वेळची साधी काच निळ्या रंगास फार लवकर वश होई, पण तांबड्यास जवळजवळ आंधळी असे. म्हणून कपाळींचें कुंकू व तांबडें पागोटें काळें उमटे. केशरी व पिवळें वस्त्र मूळच्याहून गडद येई. उलट निळें वस्त्र पांढुरकें दिसे. सांवळा वर्ण प्रत्यक्षाहून काळा उतरे. पुढें पिवळ्या-हिरव्या रंगांस वश होणाऱ्या काचा निघाल्या, परंतु तांबडा रंग पकडणाऱ्या काचा बाजारांत येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. ह्याच आंधळेपणामुळें तांबड्या दिव्याच्या उजेडांत काच हाताळतां येत असे, हा त्यांतला फायदा.

चवथी गोष्ट काळोखाच्या खोलींतील व नंतरच्या हातकामाची. काच रसायनांत प्रकट करणें, हायपोच्या पाण्यांत पक्की करणें, धुऊन वाळविणें, मग उलट्या चित्रावर बारीक पेन्सिलीनें हात फिरवून सुरकुत्या व डाग घालविणें, आणि शेवटीं कागदावर छापून सोन्याच्या क्षारांत रंग पक्का करणें, अशी ही मालिका आहे. पेन्सिलीच्या कामांत चित्रकाराचा हात लागतो. कलाशाळेंत शिकलेल्या फाळक्यांस येथें इतरांहून अधिक गति मिळाली असली पाहिजे.

रतलामच्या शिक्षणानें ह्यांत पांचव्या गोष्टीची भर पडली, ती म्हणजे एका चेहऱ्याच्या हजारों प्रती काढण्याची. फोटो काढणारा एका गिऱ्हाइकासाठीं काम करतो, ब्लॉक करणारा सर्व जनांसाठीं. हीं दोन्हीं कामें एकाच विद्यार्थ्यास एका पाठोपाठ शिकावयास मिळालीं, हें फाळक्यांच्या शिक्षणाचें वैशिष्ट्य आम्हांस वाटतें.

५. विद्येची परीक्षा

विद्या हातीं आली, पण पोट भरेना. १८९५ सालीं फाळके गोध्र्यास जाऊन फोटोचा धंदा करूं लागले. तेथें प्लेगनें त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेलें, तेव्हां ते बडोद्यास परतले. बडोद्यांत त्यांनीं पुन्हा दुकान मांडलें. परंतु कॅमेरा माणसाची शक्ति ओढून घेतो व आयुष्य घटवितो अशी समजूत लोकांत पसरून गिऱ्हाईक फिरकेनासें झालें, असें चरित्रकार सांगतात. मुंबईंत ह्या विद्येचा वर्ग निघून चाळीसांहून अधिक वर्षें झालीं असतां बडोद्यासारख्या राजधानींत ही भीति असावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शहरांतील कांहीं घराण्यांच्या दिवाणखान्यांत फोटो लागले म्हणजे ती कला समाजांत रुजली, असें मानण्याची चूक इतिहासलेखकानें करूं नये.

फाळक्यांनीं ह्या काळांत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले व एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून तिचे प्रयोगही केले. १९०३ सालीं त्यांस पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणाऱ्याची जागा मिळाली. आमच्या वाचकांस हा दुवा विशेष जवळचा वाटेल, कारण लेणीं, देवळें व शिलालेख यांचे विश्वसनीय फोटो संशोधकांपुढें ठेवण्याचें काम हेंच खातें करीत होतें. ही नोकरी त्यांनीं १९०६ मध्यें सोडली, आणि लोणावळ्यास ब्लॉक व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांचा प्रसिद्ध शिळाछापखाना त्या वेळीं जवळच मळवलीस होता. त्यासाठीं फाळके फोटोवरून शिळेवर चित्रें उतरवून देत. पुढें कारखाना मुंबईस दादर येथें गेला, भागीदार बदलले, १९०९ मध्यें यंत्रसामग्रीसाठीं फाळके जर्मनीस जाऊन आले, आणि थोड्याच काळांत भागीदारांशीं मतभेद होऊन ते रिकाम्या हातीं बाहेर पडले.

६. नाशिक

१९१३ च्या अखेरीस फाळक्यांनीं आपला चित्रपटांचा कारखाना मुंबईहून नाशकास आणला. मोकळी जागा, घाट, देवळें, नदी व मुबलक ऊन हें सर्व येथें होतें. तेव्हांचा चित्रपट हाही सूर्याच्याच उजेडावर घेतला जाई व फीतही तांबड्या रंगास आंधळीच होती. अर्थात् वीस वर्षांपूर्वीं काचेच्या छपराखालीं जो विचार करावा लागे, तोच येथें उघड्या आकाशाखालीं करावा लागला. सरस्वतीबाई फाळके यांच्याविषयीं सांगतात कीं, उजेड परतविण्यासाठीं त्या पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उन्हांत उभ्या रहात. फितीस भोकें पाडणें, रसायनें मिसळणें व फीत प्रकट करणें हींही कामें त्या पतीपासून शिकल्या होत्या. बडोद्याच्या खोलींतील पांढरा पडदाच येथें एका गृहिणीच्या हातीं आलेला दिसतो. कलाभवनांत मिळालेली विद्या नाशकांत दुसऱ्या व्यक्तीस दिली गेली ती अशी, आणि ती शिष्या घरांतलीच होती.

ह्या शिक्षणाची सर्वांत स्पष्ट खूण १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' ह्या चित्रपटाच्या आरंभीं आहे. १९१८ सालीं नाशकांत स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचें हें चित्र. त्यांत कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केली. कथा सुरू होण्यापूर्वीं ह्या सात वर्षांच्या मुलीचा नुसता चेहरा पडद्यावर येतो व ती एकामागून एक भाव दाखविते. मग तोच चेहरा वेषभूषेसह कृष्णाचा होतो. ही कथा नव्हे. छायाचित्रकारानें खुर्चीवर बसविलेल्या व्यक्तीचा हा फोटोच असून, फरक इतकाच कीं तो हलतो. चित्रकला, छायाचित्रण, वास्तुरचना, नाट्य व जादू ह्या आपण शिकलेल्या कलांमुळेंच चित्रपट काढण्याचा धीर झाला, असें फाळक्यांनीं 'नवयुग' मासिकांतील लेखांत स्वतः नमूद केलें आहे. त्या विधानास हा आरंभ म्हणजे दृश्य पुरावाच होय.

फाळके नाशकांतच १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं निवर्तले. त्यांनीं नव्वदांहून अधिक चित्रपट व पंचविसांहून अधिक लघुपट काढले. त्यांतून आज हातीं आहेत ते थोडे तुकडे. 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच उरलीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाल्यावर पी. के. नायर यांनीं नाशकास येऊन फाळके यांच्या कुटुंबीयांकडून जें मिळालें तें जमा केलें, म्हणून इतकें तरी वांचलें. ज्या माणसानें आयुष्यभर चित्रें टिकविण्याची व वाढविण्याची विद्या केली, त्याच्याच कामाची ही गत झाली.

७. संग्राहकांस सूचना

ह्या सर्व विवेचनावरून जुन्या फोटोंच्या संग्राहकांनीं घ्यावयाचे बोध आम्ही खालीं देतों.

पहिला, रंगाविषयींचा. जुन्या फोटोंतील काळें पागोटें काळेंच होतें, किंवा विशिष्ट व्यक्ति वर्णानें काळी होती, असें त्यावरून लिहूं नये. काचेचा आंधळेपणा व पेन्सिलीचा हात या दोहोंची वजावट करून मगच विधान करावें.

दुसरा, काळाविषयींचा. सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच लांब पुठ्ठ्यावर चिकटविलेला लहान फोटो १८६० नंतरचा, व सुमारें सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा मोठा पुठ्ठा १८७० च्या आसपास किंवा त्यानंतरचा, असा ढोबळ ठोकताळा धरतां येतो. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा कागद पिवळसर पडतो व तो १८९० नंतर मागें पडत गेला. पुठ्ठ्याच्या पाठीवर छापलेलें फोटो काढणाराचें नांव व गांव हा तर लेखी पुरावाच. फोटो नव्या चौकटींत बसवितांना हा पुठ्ठा कापूं नये.

तिसरा, नांवांविषयींचा, आणि तो नाशिककरांस विशेष समजेल. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचीं नांवें, गांवें, वंशावळ व स्वदस्तुरचे लेख पिढ्यान् पिढ्या जपले आहेत. तेथें नांव आहे, हस्ताक्षर आहे, पण चेहरा नाहीं. घराघरांतील फोटोंत चेहरा आहे, पण नांव नाहीं. हीं दोन साधनें एकमेकांस जोडून देणारीं वृद्ध माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. तेव्हां त्यांस विचारून प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांव, नातें, गांव व अजमासें साल लिहून ठेवावें. शाई वापरूं नये, ती पुढें उमटते.

चवथा, काचांविषयींचा. जुन्या काचा कोणाच्या माळ्यावर असल्यास त्या रिकाम्या काचा समजून धुऊं नयेत. कागदावरील प्रतीहून मूळ काचेंत अधिक बारकावा असतो. त्या एकावर एक आडव्या न रचतां प्रत्येकीस कागदाचा लिफाफा करून लांब कडेवर उभ्या ठेवाव्या, व ओलीपासून दूर ठेवाव्या.

आपल्या मंडळांनीं एकेक कागद निवडून दफ्तरें वांचविलीं, परंतु त्याच वाड्यांतील फोटोंकडे शोभेची वस्तु म्हणून पाहिलें. फाळक्यांच्या चरित्रावरून हें उघड होतें कीं फोटो हेंही हातानें, रसायनानें व नियमानें घडविलेलें साधन आहे, आणि तें कसें घडलें हें ठाऊक असल्याशिवाय तें वाचतां येत नाहीं. नाशिक, त्र्यंबक, बडोदें किंवा गोध्रा येथील ज्या कोणाच्या संग्रहीं १८९० ते १९१२ या काळांतील फोटो असून त्यांच्या पुठ्ठ्यावर फाळके यांचें नांव असेल, त्यांनीं पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंची नक्कल व मापें प्रसिद्ध करावींत, अशी आमची विनंती आहे.